भावाचं ग्रीनकार्ड आणि आमच्या वावराचे कागद

अमेरिकेत पैसे गुंतवून ग्रीनकार्ड, म्हणजे तिथं कायमचं राहायचा परवाना, घ्यायचा अर्ज भावाचा होता. तो टेक्सासात बसून त्यानं भरला, सही त्याची, वकील त्याचा. पण त्या अर्जासोबत जो जाडजूड गठ्ठा गेला त्यातले निम्म्याच्या वर कागद आर्वी तालुक्यातल्या आमच्या घरातून, पटवाऱ्याच्या दप्तरातून, बाजार समितीच्या पावत्यांतून आणि बाबांच्या लोखंडी पेटीतून गेले, आणि ते गोळा करायचं काम पावणेदोन वर्षं माझ्याकडे होतं. इन्व्हेस्टर व्हिसा म्हटलं की लोकांना वाटतं पैसे भरले की झालं. माझा अनुभव असा की पैसे भरणं हे दोन दिवसांचं काम आहे, ते पैसे कुठून आले हे दाखवणं हेच खरं काम. कास्तकाराच्या घरात ते किती अवघड जातं हे कोणी लिहिलेलं मला तेव्हा सापडलं नाही, म्हणून लिहून राहिलो.

भाऊ २०१३ ला एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, गेला. सोबत वहिनी आणि पाच वर्षांचा पोरगा, जो २००८ मध्ये वर्ध्याला जन्मला. कंपनीनं ग्रीनकार्डासाठी नाव लावलं २०१६ ला. २०२४ च्या सुरुवातीला आपल्या लोकांच्या त्या रांगेत २०१२ सालच्या अर्जांचा नंबर चालू होता, म्हणजे भावाचा नंबर कधी येईल याचा हिशोबच लागत नव्हता. आणि त्याच्यापेक्षा मोठी काळजी पोराची, कारण आई-बापाच्या व्हिसावर पोरगं २१ वर्षांपर्यंतच राहू शकतं. ऑगस्ट २०२९ ला तो २१ चा होणार, तोपर्यंत कार्ड नाही आलं तर त्याला स्वतःचा वेगळा व्हिसा काढावा लागणार नाहीतर देश सोडावा लागणार. ज्या देशात तो पहिलीपासून शिकला तिथून. २०२३ च्या दिवाळीत भाऊ व्हिडिओ कॉलवर हे सांगत होता तेव्हा बाबा काहीच बोलले नाही, फोन आईच्या हातात दिला आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसले. रात्री जेवताना मला म्हणाले, "समृद्धीचे पैसे हायेत ना बँकेत. ते कायले ठेवले मंग?"

समृद्धीचे म्हणजे समृद्धी महामार्गाचे. २०१७ ला त्या रस्त्यात आमचं सात एकर वावर गेलं, संत्र्याचा बगीचा, विहीर, सगळं. सरकारनं थेट खरेदीनं घेतलं, रेडी रेकनरच्या पाचपट भाव होता, झाडांचे आणि विहिरीचे वेगळे. गावात काहींनी त्या पैशात गाड्या घेतल्या, काहींनी दुसरीकडे वावर घेतलं, बाबांनी सगळे एफडीत टाकले आणि हात लावला नाही. बगीच्यातलं एकेक झाड त्यांनी रांजणानं पाणी घालून जगवलं होतं, त्या पैशाचं काय करायचं हे त्यांचं ठरतच नव्हतं.

मी आधी नागपूरला एका हॉटेलात अशा व्हिसांची माहिती सांगणारा कार्यक्रम होता तिथं जाऊन आलो. तिथला माणूस मला पोर्तुगालमध्ये घर घ्यायला सांगत होता, तर पोर्तुगालनं घर घेऊन रेसिडेन्स मिळण्याची वाट ऑक्टोबर २०२३ मध्येच बंद केली होती, हे मला घरी येऊन शोधल्यावर कळलं. ग्रीस, दुबई हेही सांगत होता. दुबईला २० लाख दिरहमची प्रॉपर्टी घेतली तर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळतो हे खरं आहे, पण भाऊ अमेरिकेत, पोराची शाळा अमेरिकेत, आम्हाला दुबईचं काय करायचं होतं? तेव्हा एक समजलं की एजंटाकडे जे विकायला असतं तेच तो सांगतो. आपली गरज काय आहे ते आधी घरात बसून ठरवा आणि मग बाहेर पडा.

भावाचा रस्ता ईबी-५ चा, म्हणजे अमेरिकेच्या इन्व्हेस्टर व्हिसाचा होता. हा कायदा १९९० पासून आहे, मार्च २०२२ मध्ये त्यात मोठे बदल झाले. रक्कम १० लाख ५० हजार डॉलर, पण ग्रामीण भागातल्या किंवा जास्त बेरोजगारीच्या भागातल्या प्रकल्पात टाकली तर ८ लाख. एका गुंतवणूकदाराच्या पैशातून १० लोकांना तिथं काम मिळालं पाहिजे. ग्रामीण प्रकल्पांसाठी दरवर्षीचे २० टक्के व्हिसे राखीव आहेत, त्यांच्या फाइली आधी घेतात, आणि आम्ही भरलं तेव्हा त्या कोट्यात भारतीयांना रांग नव्हती. त्यांच्याकडे ग्रामीण कशाला म्हणतात तर महानगराच्या हद्दीबाहेर आणि २० हजार किंवा जास्त लोकवस्तीच्या शहराच्याही बाहेर, म्हणजे आपली आर्वी तिकडे असती तर ग्रामीणमध्ये बसली नसती. भावानं हे सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं की तिथल्या खेड्यात काय बांधून राहिले, ते खेडं कसं आहे, लोक काय पिकवतात. भावानं नकाशावर दाखवलं. मका आणि सोयाबीन. सोयाबीन ऐकून बाबांना बरं वाटलं असं मला वाटते.

८ लाखांपैकी ३ लाख भावानं उभे केले, घरावर कर्ज आणि बचत. ५ लाख डॉलर बाबांकडून भेट म्हणून जायचे ठरले. आईबापानं पोराला पैसे भेट दिले तर त्यांना चालते, फक्त देणाऱ्याकडे ते कसे आले हे तेवढंच काटेकोर दाखवावं लागते जेवढं स्वतःचे असते तर दाखवलं असतं.

आता आपल्याकडून बाहेर पैसे पाठवायची मर्यादा माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर. म्हणून अर्धे मार्चमध्ये आणि अर्धे एप्रिलमध्ये पाठवायचे असं सीएनी सांगितलं, वर्ष बदललं की मर्यादा नवीन लागते. पण त्याच १ एप्रिल २०२४ पासून अमेरिकेत अर्जाची फी ३,६७५ डॉलरवरून ११,१६० झाली. वकिलानं सांगितलं की पैसे पूर्ण पोचल्याशिवाय घाई करू नका, फी जास्त गेली तर जाऊ द्या, अर्धवट फाइल टाकू नका. आम्ही ऐकलं आणि ते बरोबर केलं असंच आजही वाटते.

खरा झटका टीसीएसचा, म्हणजे बँकेनं आधीच गोळा करायच्या कराचा. ऑक्टोबर २०२३ पासून ७ लाखांच्या वर जी रक्कम अशी बाहेर जाते तिच्यावर २० टक्के बँक आधी कापून घेते. अडीच लाख डॉलर म्हणजे तेव्हाचे दोन कोटी नऊ लाखांच्या आसपास, त्यावर चाळीस लाखांच्या वर टीसीएस, आणि असं दोनदा. हा जादा टॅक्स नाही, रिटर्न भरल्यावर आपल्या टॅक्समध्ये धरून उरलेला वापस मिळतो, पण तोपर्यंत ऐंशी लाख अडकून पडतात. हे आमच्या हिशोबात नव्हतंच. एफडीचे पैसे तेवढे पुरत नव्हते म्हणून तालुक्याच्या गावी रोडवरचं आमचं कापसाचं गोडाऊन जानेवारीत विकलं, ते विकायचं होतंच कधीतरी पण असं घाईत नव्हतं विकायचं. आता एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १० लाख झाली आहे, पण एवढ्या मोठ्या रकमेत त्यानं काही फरक पडत नाही. जो कोणी हा विचार करून राहिला असेल त्यानं जेवढे पैसे पाठवायचे आहेत त्याच्या वर पाचवा हिस्सा रोख बाजूला आहे का ते पहिले पाहावं.

बँकेची गोष्ट थोडक्यात सांगतो. आमच्या शाखेतून एवढी रक्कम बाहेर देशात कधी गेलीच नव्हती. फॉर्म भरताना त्यांनी कारण कुटुंबाच्या खर्चासाठी असं लिहिलं, आणि दानपत्रात तर भेट लिहिलेली. वकिलाचा रात्री दोन वाजता फोन, हे जुळलं नाही तर पुढं प्रश्न येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी शाखा उघडायच्या आधी मी जाऊन उभा राहिलो. फॉर्म बदलला, नागपूरच्या मोठ्या शाखेतून मंजुरी आली आणि धुळवडीनंतर दोन दिवसांनी पहिले पैसे गेले. ३ एप्रिलला दुसरे. बाबांना ओटीपी वाचून दाखवता येत नव्हता, त्यांचे हात थरथरत होते, आईनं वाचला.

पण या सगळ्याच्या आधीचे तीन महिने, जानेवारी ते मार्च, ते मी विसरू शकत नाही.

तिकडच्या इमिग्रेशन ऑफिसला काय पाहिजे असते तर एका रेषेत पैशाचा प्रवास. जमीन कुणाची, ती कशी आली, कधी विकली, पैसे कोणत्या खात्यात आले, तिथून कुठं गेले, एकही कडी तुटली नाही पाहिजे. नोकरदार माणसाचं सोपं असते, पगाराच्या पावत्या आणि रिटर्न. आपलं काय? शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही. नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरलेल्या अंतरापलीकडची शेतजमीन टॅक्सच्या कायद्यात भांडवली मालमत्ता धरतच नाही, आमच्याकडे ते अंतर दोन किलोमीटर, म्हणून समृद्धीच्या पैशावरही टॅक्स नाही. टॅक्स नाही म्हणून बाबांनी रिटर्न कधी भरलं नव्हतं, आणि रिटर्न नाही म्हणजे तिकडच्या अधिकाऱ्याच्या नजरेत तो माणूस कमावतच नव्हता! चाळीस वर्षं पहाटे चारला उठून वावरात जाणाऱ्या माणसाचा कमाईचा एकही सरकारी कागद नाही. सीएनी मग सर्टिफिकेट केलं, कायद्याचं कलम लिहून, वावर नगरपालिकेपासून किती लांब आहे त्याचा दाखला जोडून. बाजार समितीतून जेवढ्या जुन्या काटापट्ट्या मिळाल्या तेवढ्या जोडल्या. कापसाच्या चुकाऱ्याच्या पावत्या बाबांनी पेटीत सालवार बांधून ठेवल्या होत्या, १९८७ पासूनच्या. आम्ही दोघं भाऊ लहानपणी त्या पेटीला हात लावला की मार खायचो, त्या पेटीनंच निम्मं काम केलं.

नावांचा घोळ तर विचारू नका. बाबांच्या नावात सातबाऱ्यावर राव आहे, आधारवर नाही, खरेदीखतात आडनावात ळ तर बँकेत ल. आजोबांचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे. प्रत्येकासाठी प्रतिज्ञापत्र, हा तोच माणूस आहे म्हणून.

मग भाषांतर. प्रत्येक मराठी कागदाचं इंग्रजी पाहिजे आणि करणाऱ्यानं लिहून द्यायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे पूर्ण आणि बरोबर आहे. ज्युनिअर कॉलेजातून रिटायर झालेले आमचे इंग्रजीचे सर, त्यांनी केलं. पैसे घेत नव्हते, मी जबरदस्तीनं दिले. एका दुपारी ते पोटखराबा या शब्दावर एक तास अडून बसले होते, शेवटी त्यांनी लिहिलं की सर्व्हे नंबरातला लागवडीला न येणारा भाग. धुरा, हक्कसोड, भोगवटादार वर्ग १, प्रत्येकाला असं वाक्यभर इंग्रजी. सर म्हणाले, "एका शब्दात बसवलं तं तिकडच्या माणसाले चूक समजेल, लांब झालं तरी चालते." ते फार मोलाचं होतं, पुढे एकाही भाषांतरावर प्रश्न आला नाही.

एप्रिलच्या शेवटी अर्ज गेला. भाऊ तिथंच असल्यामुळे गुंतवणुकीचा अर्ज आणि ग्रीनकार्डाचा अर्ज सोबत टाकता आला, ही सोय २०२२ च्या कायद्यानं आली. सप्टेंबरपर्यंत तिघांचे प्रवासाचे आणि नवराबायकोचे कामाचे परवाने आले, म्हणजे नोकरी सुटली तरी साठ दिवसांत बोरिया बिस्तर बांधायची भीती गेली. भाऊ त्या दिवशी फोनवर खूप वेळ नुसता बसून होता.

२५ फेब्रुवारी २०२५ ला तिकडच्या राष्ट्राध्यक्षांनी ५० लाख डॉलरच्या गोल्ड कार्डची गोष्ट काढली आणि त्यांच्या वाणिज्यमंत्र्यांनी ईबी-५ बंद करणार असं म्हटलं. आपल्या टीव्हीवर दिवसभर तेच. गावातले लोक घरी यायला लागले, झालं का काय, बुडाले का. बाबांनी दोन दिवस जेवण कमी केलं. वकिलानं सांगितलं की हा कार्यक्रम संसदेच्या कायद्यानं सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे, आणि ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत भरलेल्या अर्जांना कायद्यातच संरक्षण दिलं आहे. मी ते मराठीत कागदावर लिहून बाबांच्या उशाशी ठेवलं.

आणि मार्चमध्ये आरएफई आली, म्हणजे जास्तीचा पुरावा मागणारं पत्र, उत्तराला ८७ दिवस. प्रश्न एकच होता पण मुळावर होता. सात एकर वडिलांकडे आजोबांकडून आलं म्हणता, तर आजोबांकडे कुठून आलं, आणि आजोबांच्या बाकी वारसांचा हक्क होता का.

पहिल्या प्रश्नासाठी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये चार चकरा झाल्या. १९५४-५५ चं अधिकार अभिलेख निघालं. ते हिंदीत आहे, कारण आपला विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला. आमचं गाव मालगुजारीचं, मालगुजारी गेली तेव्हा कसणाऱ्यांच्या नावानं जमिनी लागल्या. त्या पानावर आजोबांचं नाव होतं, त्यापुढे मौरूसी काश्तकार, म्हणजे जमीन कसायचा वंशपरंपरेचा हक्क असलेला. कागद इतका जीर्ण की कर्मचारी मला हात लावू देत नव्हता, मी पण लावला नाही, वाकून पाहिलं फक्त. आजोबा मी पाहिले नाही. त्यांचं नाव सरकारी अक्षरात असं पहिल्यांदा दिसलं आणि मला तिथं थोडा वेळ काही बोलता आलं नाही.

दुसरा प्रश्न आत्यांचा. बाबांच्या दोन बहिणी, मोठ्या आत्या हिंगणघाटला, धाकट्या पुलगावला. १९९८ ला दोघींनी हक्कसोड दिलं होतं, त्याचा फेरफार आहे, पण वकिलाला ताजं प्रतिज्ञापत्र पाहिजे होतं की मोबदल्यात आमचा दावा नाही. सांगायला मला लाज वाटत होती. ज्यांनी कधी काही मागितलं नाही त्यांच्याकडे जाऊन म्हणायचं की मागणार नाही असं लिहून द्या. मोठ्या आत्या ८४ वर्षांच्या. त्यांनी सगळं ऐकलं, मग म्हणाल्या, "बाबू, मी वाटा मागतलाच नाही तं आता नाही म्हनून काहून लिहून पाहिजे त्याहिले?" मी सांगितलं की भावाच्या पोरासाठी पाहिजे. त्या म्हणाल्या, आंगठा नाही लावत, सही करतो. माहेरचं नाव एकीकडे, सासरचं एकीकडे, तीन प्रतींवर सहा सह्या, पंचवीस मिनिटं लागली. मध्ये त्यांनी कोणाला पेन धरू दिला नाही. निघताना माझ्या हातात पोरासाठी पाचशे रुपये दिले.

आता जे लिहायचं की नाही असा विचार करत होतो ते. बाबांचे सगळे पैसे एका पोराकडे गेले. मी घरचं वावर करतो, कृषी केंद्र चालवतो, मला दोन पोरी आहेत. आत्यांचा हक्क विचारला, माझा कोणी विचारला नव्हता, ना तिकडच्या ऑफिसनं ना घरात. बायकोनं एकदाच विचारलं, भांडण म्हणून नाही, की आपल्या पोरींचं काय. तो प्रश्न बरोबर होता. मी भावाला फोन केला तर तो म्हणाला, "दादा, मी तुझ्या फोनचीच वाट पाहत होतो." उरलेलं चौदा एकर आम्हा दोघांच्या नावानं आहे, म्हणजे होतं. त्यानं ह्यूस्टनच्या आपल्या वकिलातीतून मुखत्यारपत्र करून पाठवलं आणि त्याच्या हिश्श्याचं नोंदणीकृत हक्कसोड माझ्या नावानं झालं. ज्या घरात असा विचार चालू असेल त्यांनी हे आधी करावं, पैसे जायच्या आधी. आम्ही नंतर केलं आणि मधले सहा महिने माझ्या आणि बायकोच्या बोलण्यात जी गाठ होती ती टाळता आली असती.

ऑगस्ट २०२५ ला मंजुरी आली, सप्टेंबरात तिघांची कार्डं. पहिला टीसीएस तोपर्यंत वापस आला होता, दुसरा रिटर्न भरून यायचा होता. हे कार्ड अटीचं असते, दोन वर्षांचं. संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत पुन्हा एक अर्ज, आय-८२९, त्यात दाखवायचं की पैसे खरंच प्रकल्पात लागले आणि दहा जणांना काम मिळालं. आणि मुद्दल वापस येईल याची हमी कोणी देत नाही, कायद्यानंच देता येत नाही, पैसे जोखमीत असले पाहिजे हीच अट आहे. बाबांना हे मी दोनदा समजावून सांगितलं होतं पैसे पाठवायच्या आधी. ते म्हणाले होते, कापूस लावतो तेव्हा कोण हमी देते.

फेरफार मंजूर झाला त्या दिवशी पटवाऱ्याकडून, म्हणजे आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात पण आमच्याकडे पटवारीच, नवीन सातबारा आणला. बाबांनी चष्मा लावून वाचला. भावाचं नाव कंसात, आडवी रेघ मारलेलं. त्यांनी बोट त्या नावावर ठेवलं, काही म्हणाले नाही, आणि जुना सातबारा मागून घेतला. दोन्ही पेटीत ठेवले, जुना वर.

पुतण्या यंदा कॉलेजचे फॉर्म भरून राहिला. दसऱ्याला त्याचा फोन आला, की आबाजी, फॉर्मवर पर्मनंट रेसिडेंटच्या चौकटीत खूण केली मी. बाबांना शब्द समजला नाही, मी सांगितला.

"म्हंजे आता कोनी काढत नाही ना तुले तिथून?"

"अजून एक अर्ज आहे आबाजी, दोन वर्षांनी."

"कागद लागन का काही इकडचा?"

तो म्हणाला त्याच्या बाबांना विचारून सांगतो.